परसबागेची पत्रं: पिठ्या, पिंगळा आणि पाचोळा

श्रावण लागला की माझ्याकडे येणारी पत्रं बदलतात. उन्हाळाभर सगळे विचारतात, पाणी किती घालू. आता सगळ्यांना बागेत 'काहीतरी' दिसलेलं असतं, आणि ते काहीतरी मारायचं कसं हे हवं असतं. त्याच पत्रात खाली दोन ओळी असतात: पूर्वी चिमण्या यायच्या, फुलपाखरं यायची, आता येत नाहीत, काय करू? वरचा प्रश्न आणि खालचा प्रश्न एकच आहे, हे यंदा मी प्रत्येकाला वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितलंय. कुणाला उत्तर खरमरीत वाटलं तर वाटू द्या.

काकू, जास्वंदीच्या कळ्यांना पांढरा कापूस लागलाय. नर्सरीवाल्याने दिलेलं औषध फवारलं, आठ दिवसांत पुन्हा आहे तसंच. मुलगा म्हणतो परदेशात ढालकिडे (लेडीबर्ड) डबीत विकत मिळतात, ते सोडले की सगळं साफ. इंदुरात कुठे मिळतील?
(सुदामानगरचे एक निवृत्त गृहस्थ)

दादा, तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. आणि ढालकिडे आपल्याकडेही विकत मिळतात बरं का. क्रिप्टोलेमस नावाचा एक छोटा ढालकिडा आहे, अंग काळपट आणि डोकं तांबूस. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1898 साली दक्षिणेतल्या कॉफीच्या मळ्यांवरच्या खवलेकिड्यांसाठी तो हिंदुस्थानात आणला आणि इथलाच होऊन बसला. आज द्राक्षबागायतदार पिठ्यासाठी तो सोडतात. पण त्यांचे एकर असतात, तुमची कुंडी आहे. डबी उघडाल, किडे दोन दिवस पोटभर खातील आणि कुंपणावरून उडून जातील. पैसे त्यांच्याबरोबर.

आधी एक करा. चष्मा लावून त्या कापसाकडे नीट बघा. त्यात एखादा कापसाचा पुंजका बाकीच्यांहून मोठा, लांब पांढऱ्या झिपऱ्यांचा आणि चांगला तुरुतुरु चालणारा दिसला, तर तो पिठ्या नव्हे. ती क्रिप्टोलेमसचीच अळी. पिठ्यात राहून पिठ्यासारखं दिसते आणि पिठ्या खाते. साध्या लाल ढालकिड्याची अळीही कुणी ओळखत नाही. करड्या-काळ्या रंगाची, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी लांबोळकी. लोकांना ठिपक्यांचा गोंडस किडा हवा असतो आणि त्याचं पोर दिसलं की चिरडतात. मोठ्या किड्याइतकाच, किंबहुना वाढीच्या दिवसांत जास्त, मावा (झाडाचा रस पिणारे बारीक किडे) हे पोरच खातं.

दुसरं, मुंग्या बघा. पिठ्या आणि मावा झाडाचा रस पिऊन मागून गोड चिकटा टाकतात. त्या चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, ढालकिडा आला की चावून हुसकावतात. खालच्या पानांवर काळी काजळी धरली असेल तर ती त्याच चिकट्यावरची बुरशी. म्हणजे तुमचं भांडण पिठ्याशी नाही, त्याच्या पहारेकऱ्यांशी आहे. जास्वंदीच्या बुंध्याला जुन्या कापडाची पट्टी गुंडाळा आणि पट्टीवर ग्रीस लावा, सालीवर थेट नको. फांद्या भिंतीला टेकत असतील तर छाटा, नाहीतर मुंग्या भिंतीवरून चढतील. कुंडी असेल तर पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवा. फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, उरलेल्यांवर नळीने जोराचं पाणी मारा, खाचांमध्ये साबणाच्या पाण्यात बुडवलेला जुना टूथब्रश फिरवा. मग दोन-तीन आठवडे हात आवरा. हेच सगळ्यात अवघड जातं.

नर्सरीवाल्याच्या बाटलीवर इमिडाक्लोप्रिड लिहिलेलं असेल तर ती कपाटात राहू द्या. ते औषध झाडाच्या रसात भिनतं आणि तिथून फुलातल्या मधात उतरतं. तुमच्या जास्वंदीवर सकाळी शिंजीर येतो ना, लांब वाकड्या चोचीचा, उन्हात निळा-जांभळा चमकणारा? तो तेच फूल पितो, आणि पिलांना त्याच फांदीवरचे कोळी आणि किडे भरवतो. युरोपीय संघाने 2018 मध्ये या औषधाला उघड्या शेतात बंदी घातली ती मधमाश्यांपायी.

आणि दिवाळीनंतर एका कुंडीत धने पेरा. कोथिंबीर खुडून खा, पण अर्धी कुंडी तशीच सोडा. माघात तिला पांढरी फुलं येतील. बडीशेप, ओवा, मोहरी यांचंही तसंच. या बारीक उथळ फुलांतला मध पोचायला सोपा असतो, म्हणून त्यावर फुलमाश्या येतात. मधमाशीसारखे पट्टे, पण डंख नाही, हवेत एका जागी थांबणाऱ्या. त्यांच्या अळ्या मावा खातात. मावा आपल्याकडे थंडीतच जोर करतो, तेव्हा ही फौज दारात तयार असेल. डबीची गरज पडणार नाही.

गोडनिंबाचं (कढीपत्त्याचं) रोप नुकतं फुटलं होतं. त्यावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं दिसलं म्हणून पुसायला गेले तर ती हलली! आता पानांच्या काड्या राहिल्यात. सासूबाई म्हणतात हळद-राख टाक.
(टिळकनगरच्या एक सूनबाई)

सूनबाई, ती लिंबाळी किंवा बहुरूपी फुलपाखराची अळी. लहानपणी विष्ठेसारखी दिसते म्हणजे पाखरं खात नाहीत; मोठी झाली की हिरवीगार होते. बोट लावून बघा, मानेमागून नारिंगी किंवा लालसर दोन शिंगं बाहेर काढील आणि एक उग्र आंबूस वास सोडील. घाबरवण्यापलीकडे तिला काही येत नाही. लिंबू, संत्रं, बेल, गोडनिंब, याच कुळावर ती वाढते, दुसऱ्या झाडाला लागत नाही.

रोप लहान असेल तर अळ्या उचलून मोठ्या लिंबूच्या झाडावर ठेवा, मरणार नाहीत. लिंबूचं झाड नसेल तर एक गोडनिंब तुमच्या भाजीसाठी आणि एक त्यांच्यासाठी असा ठराव करा, सासूबाईंना मी सांगते. गोडनिंब ओरबाडला तरी पुन्हा फुटतो. सगळ्या अळ्यांची फुलपाखरं होतात असंही नाही. शिंपी पक्षी त्या वेचतो, बुलबुल वेचतो, भिंतीवर मातीची मडकी करणारी कुंभारीण माशी अळ्या उचलून त्या मडक्यात पिलांच्या जेवणासाठी भरते. तुम्ही अळी मारलीत की या तिघांचं जेवण जातं, फुलपाखरू तर जातंच.

आमच्या रामबागेतल्या परसात कोपऱ्यात एक रुई आहे. ती मी लावलेली नाही, पण काढलेलीही नाही. तिच्यावर बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या अळ्या येतात आणि मारुतीला शनिवारी पानं मिळतात. फुलपाखरांसाठी नर्सरीतून महागाची रंगीत फुलझाडं आणणाऱ्यांना मी विचारते, अळीला काय खायला घालणार? मध सगळीकडे मिळतो. अंडी घालायला ठरलेलंच झाड लागतं.

दुधीचा वेल मांडवभर, फुलं भरपूर, पण फळ बोटाएवढं होऊन पिवळं पडून गळतं. शेजारी तसाच लावलेला गिलक्याचा वेल मात्र भरभरून येतोय. खत कमी पडतंय का?
(राजेंद्रनगरचे एक वाचक)

खत नाही भाऊ, पाहुणा कमी पडतोय. गिलक्याचं पिवळं फूल सकाळी उमलतं, त्यावर मधमाश्या येतात. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, आणि दोडक्याचं पिवळं असलं तरी तेही दिवस कलल्यावरच. मधमाश्या तोवर घरी गेलेल्या. दुधीवर यायचे ते पतंग, अंधार पडल्यावर फुलासमोर थरथरत लांब सोंड आत घालणारे. तुम्ही पत्रात लिहिलंय की चोरांच्या भीतीने मांडवाशेजारी रात्रभर मोठा एलईडी जळतो. पतंग फुलाकडे जाण्याऐवजी त्या दिव्याभोवती फिरत बसतात आणि दिव्यामागची पाल जाडजूड होते.

दिवा खाली झुकवा, नाहीतर माणूस आल्यावर लागणारा बसवा. तोवर संध्याकाळी सातच्या सुमारास स्वतः करा: नर फूल, म्हणजे नुसत्या लांब देठावरचं, तोडून पाकळ्या मागे सारा आणि मादी फुलाच्या मध्यावर हलकेच घासा. मादी फुलामागे इवलासा दुधी आधीच दिसतो. असं चार फुलांना करून बघा, फरक त्याच आठवड्यात कळेल. पालीला मात्र हाकलू नका, घरात डास तीही खाते.

20 मार्चला चिमणी दिवसाला सोसायटीत रंगीत प्लास्टिकची घरटी वाटली. आम्ही पश्चिमेच्या बाल्कनीत टांगलं. एकही चिमणी फिरकली नाही. त्यांना आवडलं नाही का?
(वैशालीनगरची एक शाळकरी वाचक)

बाळा, पश्चिमेची भिंत आणि इंदूरचा मे महिना! पारा 42 च्या वर जातो, त्या प्लास्टिकच्या डब्यात अंडं उकडेल. चिमणीला लाकडी किंवा पुठ्ठ्याची पेटी पुरते, तोंड साधारण 32 मिलिमीटरचं, म्हणजे साळुंकी आत घुसत नाही. पूर्व किंवा उत्तर बाजूला, सावलीत, माणसाच्या डोक्याहून बरीच वर, हलणार नाही अशी घट्ट बांध. तोंडाखाली बसायची दांडी नको. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र सोयीची होते.

घरापेक्षा जेवण मोठं. चिमणी स्वतः बाजरी खाते, पण पिलांना सुरुवातीचे दिवस किडे आणि अळ्याच लागतात. सोसायटीत दर महिन्याला औषध फवारत असतील तर पेटी रिकामीच राहणार, रंग कुठलाही दिला तरी. बाबांना सांग, कंपाउंडला मेंदीचं कुंपण दाट वाढू दे, छाटून बोडकं करू नका. संध्याकाळी त्यात शंभर चिमण्या कलकलाट करतील, त्याला मग कुणी तक्रार करायची नाही. आणि एका कोपऱ्यात वीतभर कोरडी माती मोकळी सोड, त्यांना धुळीत लोळायला आवडतं.

पहिल्या पावसापासून अंगणात एक ओबडधोबड भेक रोज रात्री येऊन बसतो. आमच्या कुत्र्याने तोंडात धरला आणि त्याच्या तोंडाला फेस आला. भेक मारावा का?
(लोकमान्यनगरच्या एक ताई)

ताई, भेकाला मारू नका, कुत्र्याला आवरा. भेकाच्या डोळ्यांमागे दोन फुगीर गाठी असतात, धरला की त्यातून दुधासारखं विष येतं. आपण नुसता हात लावल्याने काही होत नाही, चामखीळही येत नाही, हात धुतले की झालं. कुत्र्याने पुन्हा धरला तर त्याच्या हिरड्या आणि जीभ ओल्या फडक्याने पुसा, पाणी बाहेरच्या बाजूने सोडा, घशात जाऊ देऊ नका. लाळ थांबेना, थरथरला किंवा उलटी झाली तर लगेच डॉक्टरांकडे. लहान कुत्र्याला जास्त त्रास होतो. पावसाळ्यात रात्री त्याला साखळीनेच बाहेर काढा.

भेक रात्रभर वाळवी, मुंग्या, भुंगेरे खातो. तुमच्या अंगणात तो रोज येतोय याचा अर्थ रोज मिळतंय. त्याला एक फुटकी कुंडी आडवी करून ओलसर सावलीत ठेवा, दिवसा तिच्यात बसेल. काळ्या मण्यांच्या लांब माळा साचल्या पाण्यात दिसल्या तर ती त्याची अंडी.

आमच्या आंब्याच्या ढोलीत पिंगळ्याची (लहान घुबडांची) जोडी आहे. संध्याकाळी कर्कश ओरडतात. आजीला ते अशुभ वाटतं, ती माळ्याला हाकलायला सांगते. तुम्ही काय म्हणाल?
(अन्नपूर्णा भागातले एक कुटुंब)

मी आजींना म्हणेन की आजी, लक्ष्मीचं वाहन आहे, दारात बसलेलं हाकलता कसं? आजींच्या वयाला मान म्हणून एवढं गमतीने. खरं सांगायचं तर पिंगळे भुंगेरे, पतंग, नाकतोडे, पाली आणि लहान उंदीर खातात. घरात उंदरांसाठी विष ठेवत असाल तर ते मात्र बंद करा. विष खाऊन झोकांड्या देणारा उंदीर पकडायला सोपा, पिंगळा तोच आधी उचलतो आणि विष त्याच्या पोटात जातं. पिंजरा लावा.

माळ्यालाही सांगून ठेवा: घुबडांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. दिवाळीच्या आसपास अघोरी पूजेसाठी त्यांना चोरून पकडतात आणि विकतात. ढोलीची चौकशी करत कुणी अनोळखी आला तर त्याला चहासुद्धा विचारू नका, वन विभागाला कळवा. आणि ती वाळकी फांदी, जिच्यावर ते बसतात, ती माणसांच्या डोक्यावर पडायच्या बेतात नसेल तर कापू नका.

मी झाडांखालचा पाचोळा उचलत नाही. शेजाऱ्यांनी सुनावलं, इंदूर स्वच्छतेत पहिलं आणि तुमच्या दारात कचरा! शिवाय पक्ष्यांसाठी पाणी ठेवते तर म्हणतात डास होतील. मीच चुकतेय का?
(मनोरमागंजच्या एक वाचक)

हे पत्र मी दोनदा वाचलं, कारण असं सुनावणं मीही ऐकलेलं आहे. 2017 साली इंदूर देशात पहिलं आलं तेव्हा मलाही आनंद झाला होता, आणि ओला-सुका कचरा मी तेव्हापासून काटेकोर वेगळा करते. पण घंटागाडीत टाकायचा तो कचरा. झाडाची पानं झाडाखाली पडली तर तो त्या झाडाचा पुढच्या वर्षीचा डबा आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिखल होते. वर पाचोळा असला की ओल टिकते, गांडुळं वर येतात, माती भुसभुशीत होते. त्या पाचोळ्याखाली सापसुरळी असते, भुईवरचे काळे भुंगेरे असतात, गोम असते. हे सगळे रोपं कुरतडणाऱ्यांना खातात. सातभाई येतात तेव्हा बघा, सगळी टोळी पानं उलटीपालटी करत कलकलाट करते, आणि भारद्वाज मागाहून सावकाश चालत येतो. झाडून चकचकीत केलेल्या अंगणात यांना करायला काही नाही, म्हणून ते येत नाहीत. सिरपूर आणि यशवंतसागर ही आपली दोन तळी 2022 मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत गेली, तिथे पक्षी जमतात ते काठच्या चिखलापायी आणि लव्हाळ्यापायी, फरशीपायी नव्हे.

शेजाऱ्यांशी मात्र भांडू नका, त्यांना रेघ आखून द्या. फाटकाबाहेर एक पान दिसणार नाही, रोज झाडा. आत झाडांच्या आळ्यांमध्ये पाचोळा, भोवती विटांची कड. कड असली की लोकांना तो मुद्दाम ठेवलेला वाटतो, कड नसली की आळशीपणा वाटतो. माझा अनुभव असा की निम्मी भांडणं त्या विटांनी मिटतात. ढीग घराच्या भिंतीला लागून नको, चार पावलं दूर ठेवा. विटांचे, फळ्यांचे, भंगाराचे ढीग तर भिंतीपाशी अजिबात नकोत, उंदीर तिथे येतात आणि उंदरांमागे साप. धामण बिनविषारी आहे आणि उंदीर साफ करते, पण पावसाळ्यात मण्यार आणि नागही निघतात. लांबून ओळखण्याचा अट्टहास नको. साप दिसला की नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा. रात्री पाचोळ्यात बॅटरीशिवाय पाय टाकायचा नाही. आणि पानं जाळायची तर नाहीतच.

पाण्याचं म्हणाल तर डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. पक्ष्यांचं मातीचं पसरट भांडं एक दिवसाआड ओतून काथ्याने घासा. नुसतं पाणी बदलून चालत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात. दोन बोटं खोल पाणी आणि मध्ये एक खडा, म्हणजे मधमाशीलाही बसता येईल. डास तुमच्या भांड्यात नाही, शेजाऱ्यांच्या गच्चीवरच्या कूलरच्या तळाशी होतोय, बघून या. कमळाचं टाकं असेल तर त्यात गप्पी मासे सोडा. पावसाळ्यात चतुर त्यावर घिरट्या घालू लागले की त्यांची पाण्यातली पिलंही डासांच्या अळ्या खातात.

थोडक्यात

टाकीखाली आग्या मोहोळ बसलंय असं विचारणाऱ्या लोकमान्यनगरच्या दादांना: धूर करू नका, दगड मारू नका, औषध फवारू नका, आणि खालून मुलांना क्रिकेट खेळू देऊ नका. आग्या माश्या हंगाम पाहून पोळं सोडून जातात. जाण्यायेण्याच्या वाटेवरच असेल तर माहीतगार माणसाला रात्री बोलवा. लिंबाच्या फांदीला हातभर उंचीवर जे छोटं एकाच पोळ्याचं घर तुम्ही त्याच पत्रात लिहिलंय, ते फुलोरी मधमाशीचं. तिला हात लावायचं कारणच नाही, ती फांदी यंदा छाटू नका एवढंच.

खारी डाळिंब कुरतडतात म्हणणाऱ्या ताईंना: फळाला जुन्या मलमलीची पिशवी बांधा, गाठ देठाशी घट्ट. वरची दोन उघडी ठेवा.